ऊबठसा

फाल्गुनातले सकाळचे ऊन आमच्या मागच्या खोलीत एकदम येत नाही. आधी गजांमधला अंधार पातळ होतो. मग वस्तूंना कडा येतात आणि रंग बऱ्याच वेळाने येतात. उशाशी ठेवलेले भांडे तांब्याचे आहे हे कळण्याआधी ते गोल आहे हे कळते. समोरच्या पिठाच्या गिरणीचे छप्पर काळे असते, त्याच्या कडेला राखाडी रेघ उमटते, ती रेघ पिवळसर होते, आणि त्यानंतरही खोलीत ऊन नसते, फक्त ऊन येणार असल्याची खात्री असते. सूर्य क्षितिजाशी असताना किरण आडवे येतात, म्हणून पहिले ऊन पलंगावर पडत नाही. ते पलंगामागच्या भिंतीवर, दिनदर्शिकेच्या उंचीवर, एक फिकट नारिंगी चौकोन होऊन थांबते. त्या चौकोनात गजांच्या पाच सावल्या असतात. सूर्य जसजसा वर चढतो तसतसा चौकोन खाली उतरू लागतो. मोरीच्या पत्र्यावरच्या स्टीलच्या टाकीचे झाकण तेवढ्यात पेटते आणि त्याची एक लांबट तिरीप उसळून छतावर, पंख्याच्या शेजारी, जाऊन बसते. चौकोन उशीपर्यंत येतो. आधी भिंतीकडचा खांदा, मग हनुवटीची कड, मग गाल, आणि सर्वांत शेवटी पांघरुणावर ठेवलेला अलीकडचा हात.

या उन्हात माझी आई गेली. तिचा हात माझ्या हातात होता. तुळशीच्या पानावरून मी दोन थेंब पाणी तिच्या ओठांत सोडले, तिने ते गिळले, आणि चौकोन तिच्या बोटांवर येईपर्यंत ती नव्हती.

ही हकिकत गेल्या तीन वर्षांत मी अनेकांना सांगितली. दुकानात आलेल्या माणसाला 'बसा' म्हणण्याआधी मला ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहावे लागते. ही एक गोष्ट मात्र मी कधी अडखळत सांगितली नाही.

आमचे दुकान कऱ्हाडात, संगमाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आहे. माझे वडील, नाना, लग्नांचे फोटो काढत. पण घरात कोणी गेले की लोक त्यांनाच बोलावत, कारण ते मोठ्याने बोलत नसत. मृताला खुर्चीत बसवून, मागे उशी लावून, घरच्यांना भोवती उभे करून ते शेवटचा फोटो घेत. घरी येऊन बारीक ब्रशने त्या फोटोतले मिटलेले डोळे उघडत. ते खोटे असे, परंतु काढणाऱ्याला, मागणाऱ्याला आणि पाहणाऱ्याला ठाऊक असलेले खोटे असे. त्यामुळे त्याचा कोणाला त्रास होत नसे.

मी डोळे उघडत नाही. मी हात करतो.

त्याला आमच्या धंद्यात ऊबठसा म्हणतात. मऊ बहुवारिकाचा, म्हणजे पॉलिमरचा, हुबेहूब मापाचा हात. त्याच्या आत केसाहून बारीक तारांचे जाळे असते आणि त्या तारा त्या माणसाच्या हाताची ऊब जशीच्या तशी धरून ठेवतात. प्रत्येक हाताची ऊब निराळी असते. कुणाचा तळवा गरम आणि बोटे गार, कुणाच्या अंगठ्याच्या मुळाशी एक उबदार ठिपका. डोळे मिटून दहा हात हातात दिले तर आपल्या माणसाचा हात लोक क्षणात ओळखतात. हे मी पाहिले आहे, आणि ओळखल्यावर त्यांचे काय होते तेही पाहिले आहे.

हे साधते ते एका कॅमेऱ्यामुळे. त्याला तीन डोळे आहेत. एक रंग पाहतो, एक उंचसखलपणा मोजतो आणि तिसरा त्वचेतून बाहेर पडणारी उष्णता टिपतो. अडचण अशी, की आम्हाला बोलावणे येते तेव्हा शरीर निवू लागलेले असते. जिवंत ऊब मिळवायची तर निवण्याची क्रिया गणिताने उलटी चालवावी लागते. पाण्यात सोडलेला शाईचा थेंब किती पसरला आहे हे पाहून तो कधी सोडला हे सांगता येते, त्यातलाच हा प्रकार. चरबी ऊब अडवते, हाड ती वेगळ्या गतीने सोडते, बोटे मनगटाच्या कितीतरी आधी हार मानतात. छाती, मान आणि हात यांवरच्या हजारो ठिकाणांची उष्णता एकाच वेळी टिपली, खोलीचे तापमान आणि पांघरुणाची जाडी मोजली, की त्या फरकांची एक नक्षी मिळते. ती नक्षी मागे मागे नेत एका जागी थांबावे लागते, जिथे सगळे शरीर अजून जिवंत होते. त्या जागेला शून्यक्षण म्हणतात.

पूर्वी हा शून्यक्षण गणिताच्या पोटातच राहत असे. आम्ही यंत्राला मृत्यूची वेळ सांगायचो, यंत्र आमचा होकार घेऊन ती आतल्या आत दुरुस्त करून आपले काम करायचे. गेल्या दिवाळीत सुधारित आवृत्ती आली. घरच्यांना जाणून घेण्याचा हक्क आहे, असे कंपनीने पत्रात लिहिले होते. तेव्हापासून प्रत्येक ठशासोबत एक जाड कागद निघतो आणि त्यावर तास आणि मिनिटे छापलेली असतात. जुनी नोंद उघडली तरी यंत्र ती नव्याने मोजते आणि तिचाही कागद काढते.

मी जुन्या नोंदी उघडत नव्हतो.

*

रघुनाथ घारगे यांना सगळे आबा म्हणत. ते एसटीतून निवृत्त झालेले वाहक होते. तिकिटाला भोके पाडण्याचा चिमटा अर्धे आयुष्य हातात धरल्यामुळे त्यांच्या उजव्या अंगठ्याचे पेर दगडासारखे झाले होते. ते गेल्याचे बोलावणे आले आणि मी सकाळी नऊला पोहोचलो. धाकट्या सूनबाई, शुभांगी, दारातच उभ्या होत्या. पंचेचाळिशीच्या, पदर खोचलेला, डोळे कोरडे. नवरा दूर चाकणला नोकरीला असल्याने गेले अकरा महिने सासऱ्यांचे सगळे त्याच करत होत्या. पावणेआठला गेले, असे त्यांनी मला सांगितले. चमच्याने पाणी घातले, आबांनी घोट घेतला आणि मान टाकली.

शब्द माझ्या ओळखीचे होते. मी कॅमेरा लावता लावता मान हलवली.

कागदावर तीन वाजून चाळीस मिनिटे आली.

मी तो कागद कितीतरी वेळ हातात धरून उभा होतो. ठशाच्या पेटीत न घालता फाडून टाकणे अशक्य नव्हते. नानांनी नक्कीच फाडला असता. कागद पेटीत मोहरबंद करूनच द्यायचा हा कंपनीचा नियम आहे, असे मी स्वतःला सांगितले, आणि पाचव्या दिवशी पेटी घारग्यांच्या थोरल्या मुलाच्या, विलासरावांच्या, हातात दिली. ते सातारा रोडला वेगळे राहत. वडिलांच्या आजारपणात रविवारी येत. कागद त्यांनी उभ्याउभ्याच वाचला आणि घडी करून वरच्या खिशात ठेवला. समाचाराला आलेल्या माणसांसमोर तो पुढे किती वेळा उघडला गेला हे मला नंतर कळले.

दहाव्या दिवशी दुपारी शुभांगीबाई दुकानात आल्या. मी 'बसा' म्हणायच्या आत त्या बसल्या.

"सुतकात बाहेर पडले," त्या म्हणाल्या. "आता हे पण त्यांच्या यादीत जाईल."

मी पाणी दिले. त्यांनी पेला हातात धरून ठेवला.

"दादा, तो आकडा चुकतो का कधी?"

"पंधरा मिनिटं इकडेतिकडे."

"चार तास?"

"नाही."

मी हे फार नेमकेपणाने म्हणालो. माझ्या स्वभावात एक दोष आहे. जिथे गप्प राहणे माणुसकीचे असते तिथे मी अचूक राहतो, आणि जिथे अचूक राहायला हवे तिथे गप्प.

मग त्या हळूहळू सांगू लागल्या. दर दोन तासांनी कूस बदलायची. अकरा महिन्यांत पाठीला एक जखम होऊ दिली नाही. असे दवाखान्यातसुद्धा जमत नाही, असे डॉक्टर म्हणाले होते. आबांना बोलता येत नव्हते, पण उजव्या अंगठ्याने ते त्यांच्या मनगटावर टिचकी मारत. एकदा म्हणजे पाणी, दोनदा म्हणजे खिडकी उघड. त्या रात्री बसल्या जागी डोळा लागला आणि जाग आली तेव्हा उजाडले होते.

"पाणी खरंच घातलं मी. घोट घेतल्यासारखं वाटलं मला. खोटं नाही सांगत."

"माहीत आहे," मी म्हणालो.

"कसं माहीत?"

त्यांनी पेला खाली ठेवला.

"तो हात एक दिवस माझ्याकडे द्या म्हणाले मी. भाऊजी म्हणतात, जिवंतपणी धरायचा होतास. तेराव्याला वाढायला पण मी नको, म्हणतात. पाहुण्यांना घास उतरणार नाही. तुमचं मशीन ती एक रात्र मोजतं दादा, अकरा महिने नाही मोजत."

रस्त्यावरून बिनचालकाची शववाहिका संगमाकडे गेली. हल्ली त्या अशाच जातात, न थांबता, ठरलेल्या वेगाने. मागून चालणाऱ्यांनाच आपली पावले सांभाळून घ्यावी लागतात.

उठताना त्यांनी विचारले, माझ्या घरातले कोणी गेले आहे का. आई, मी म्हणालो. तेव्हा हे यंत्र होते का. होते.

"मग तिचा आकडा किती?"

"त्या वेळी कागद निघत नसे," मी म्हणालो. आणि एवढ्यावर थांबता आले असते, परंतु तोंडाला सवय होती. "शिवाय मी होतो ना तिथे. ऊन नुकतंच भिंतीवर आलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत संशय असता तर मला सोपे गेले असते. तिच्यात हेवा होता.

"मग बरंय तुमचं," त्या म्हणाल्या, आणि पायऱ्या उतरून उन्हात गेल्या.

*

ताई दुसऱ्याच दिवशी आली. आईचे तिसरे वर्षश्राद्ध फाल्गुन वद्य नवमीला होते आणि त्या दिवशी सप्तमी होती. माझी ही बहीण, मंजिरी, नागपूरला एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. आमच्या घरातले सगळे बोलणे तिच्या वाट्याला आले आणि उरलेली शांतता माझ्या. दुकानात पाऊल टाकताच ती म्हणाली, की इथे गिऱ्हाईक येण्यासाठी आधी कुणीतरी मरावे लागते आणि एवढे करून आलेल्याला हा निन्या 'या' म्हणत नाही. मग तिने पिशवीतून आईची शाल काढली. शालीत आईचा हात होता.

"करंगळी गार पडली रे," ती म्हणाली.

मी हात घेतला. आईचा तळवा कोमट आणि कोरडा होता, तर्जनीच्या टोकाला विळीने पडलेली जुनी खूण. सगळे होते. फक्त करंगळीपाशी ऊब संपत होती, जणू कोणी तेवढेच बोट पाण्यात बुडवून काढले असावे.

ताईने मला सांगितले, की रोज संध्याकाळी घरी आल्यावर ती हा हात पाच मिनिटे धरते. त्या बुधवारी तिला येता आले नव्हते. मी फोनवर लगेच निघ म्हणालो होतो, तिने परीक्षा आटोपून गुरुवारी निघते असे उत्तर दिले होते, आणि आई बुधवारी गेली. त्यानंतर तिने माझ्याकडून ती सकाळ कितीदा तरी ऐकली होती. निनाद होता, एवढेच ती लोकांना सांगे.

तार दुरुस्त करायची तर नवे जाळे विणावे लागते, आणि त्यासाठी मूळ नोंद उघडावी लागते. हे मला ठाऊक होते, म्हणून मी इतर गोष्टी बोलू लागलो. त्या जातीची तार आता मिळत नाही, म्हणालो. एका बोटासाठी सगळा हात उसवावा लागेल, म्हणालो. ताई ऐकत राहिली. मी सहसा इतके बोलत नाही, हे तिच्या लक्षात येऊ लागले होते.

आम्ही घरी, मागच्या खोलीत चहा घेत बसलो होतो. आईचा पलंग तसाच होता. दिनदर्शिकाही त्याच वर्षाची होती. ती उतरवण्याचे मी दर पाडव्याला ठरवतो.

"नोंद उघडली तर काय होईल?" तिने विचारले.

मी कागदाबद्दल सांगितले. शून्यक्षणाबद्दल, पंधरा मिनिटांबद्दल. घारग्यांचे नाव न घेता त्यांच्याबद्दलही सांगितले. सांगताना माझा आवाज इतका सपाट होता, की मला तो यंत्राचा वाटला.

ताईने कप बशीत ठेवला. छताकडे पाहिले.

"निन्या, ती तिरीप."

"कुठली?"

"पंख्याशेजारची. टाकीच्या झाकणावरून येते ती. पहिल्या वर्षश्राद्धाला तू मला सगळं सांगितलंस, त्यात ती होती. चौकोन उतरत होता आणि छतावर तिरीप बसली होती, म्हणालास."

"हो."

"ही टाकी आपण तेराव्यानंतर बसवली. बाराव्याला पाणी संपलं, पंगत अर्धी उठली, आठवतं ना? जुनी सिमेंटची होती, शेवाळलेली. तिच्यावर काय चमकणार? प्लंबरला चहा मीच करून दिला होता."

खोलीत संध्याकाळचा उजेड होता. त्यात कोणतीच वस्तू चमकत नाही. मी माझ्या कपातल्या सायीकडे पाहत राहिलो.

प्रकाश हा माझा धंदा आहे, आणि मी चुकलो तो प्रकाशातच. तेराव्यानंतर ताई नागपूरला परतली आणि मी नऊ सकाळी त्या खुर्चीत बसून काढल्या. गजांच्या सावल्या मोजल्या. ऊन कोणत्या मिनिटाला दिनदर्शिकेवर येते, कोणत्या मिनिटाला उशीवर, हे मनात टिपून ठेवले. जे पाहायला हवे होते ते मी नंतर पाहिले, पाठ केले, आणि एकदा पाठ झाल्यावर ते आठवणीसारखेच वाटू लागले. नवी टाकी माझ्या डोळ्यांसमोर बसवली होती. पण चांगल्या छायाचित्रकाराप्रमाणे मी चौकटीत दिसले ते सगळे घेतले.

"तुला दोन वर्षं माहीत आहे," मी म्हणालो.

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार?" ती म्हणाली. "तू निदान ह्या खोलीत होतास. मी तर नागपुरात पेपर तपासत होते." मग, अगदी हळू: "मला ते ऊन हवं होतं रे. तू चांगलं सांगायचास."

*

मी दुकानातून यंत्र मागच्या खोलीत आणले. नोंद उघडायला एक मिनिट लागले. यंत्राने आधी जुनी पाने दाखवली. त्यात त्या सकाळी मी स्वतःच्या बोटांनी भरलेली मृत्यूची वेळ होती: सहा पंचावन्न. तिच्याखाली यंत्राचा प्रश्न होता, जो मी तेव्हा वाचला नव्हता असे मी आजवर समजत होतो: दिलेली वेळ मोजमापाशी जुळत नाही, दुरुस्त करू का? आणि त्याखाली माझे उत्तर. हो. यंत्राने ते उत्तर देण्यास लागलेला वेळही नोंदवला होता. चार मिनिटे. एक 'हो' दाबायला कोणी चार मिनिटे घेत नाही. मी तो प्रश्न वाचला होता, त्याचा अर्थ मला कळला होता, आणि यंत्राला खरे सांगून मी बाहेर अंगणात माणसांना दुसरे सांगायला गेलो होतो.

कागद निघाला. एक वाजून बावन्न मिनिटे.

ताईने तो माझ्या हातातून घेतला. ती रडेल असे मला वाटले, पण ती उठून भिंतीवरच्या त्या जुन्या दिनदर्शिकेपाशी गेली आणि चष्मा कपाळावर चढवून बारीक अक्षरे वाचू लागली.

"अष्टमी उत्तररात्री तीन वाजून पाच मिनिटांपर्यंत," तिने वाचले.

आमच्यात माणूस ज्या तिथीला जातो त्याच तिथीला त्याचे पान मांडतात. गुरुजींना मी सूर्योदय सांगितला होता, म्हणून त्यांनी नवमी धरली होती. पहिल्या वर्षी आणि दुसऱ्या वर्षी आम्ही वडे, खीर, घोसाळ्याची भजी करून, दाराबाहेर घास ठेवून, वाट पाहिली होती ती दुसऱ्या दिवशी. पितर येतात की नाही मला ठाऊक नाही. मी तापमानावर विश्वास ठेवणारा माणूस आहे. परंतु आई दोन वर्षे अष्टमीला या दारात आली असेल आणि चूल थंड पाहून परत गेली असेल, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले.

"उद्याच करावं लागणार," ताई म्हणाली. "उडीद भिजत घालते. गुरुजींना फोन तू कर."

गुरुजींनी कारण विचारले. वेळ सांगताना चूक झाली होती, एवढे मी म्हणालो. तीन वर्षांनी कळली का, त्यांनी विचारले. हो, मी म्हणालो.

अष्टमीचे श्राद्ध झाले. मी करंगळी दुरुस्त केली. ताईने हात शालीत गुंडाळला आणि त्याच संध्याकाळी ती निघून गेली. एरवी ती दोन दिवस राहते. जाताना तिने नेहमीसारखी माझी टर उडवली नाही. फाटक लावताना एवढेच म्हणाली, की आता संध्याकाळी हात धरल्यावर आपल्याला काय दिसेल ते तिला ठाऊक नाही. मी ते तिच्याकडून काढून घेतले होते, आणि त्या बदल्यात द्यायला माझ्याकडे एक जाड कागद होता.

नवमी मोकळी पडली. त्याच दिवशी आबा घारग्यांचे तेरावे होते.

मला आमंत्रण होते. ठसा करणाऱ्याला बोलावण्याची पद्धत पडली आहे. मी आईचा कागद खिशात घालून गेलो. अंगणात मांडव होता. आबांच्या फोटोपुढे चंदनाचा हार, फोटोशेजारी पाटावर तो हात, आणि हाताखाली चौकटीत बसवलेला कागद. येणारा प्रत्येक जण नमस्कार करायला वाकत होता आणि वाकताना तीन चाळीस वाचत होता. विलासराव दाराशी उभे होते. वाईट माणूस वाटत नव्हते. रविवारी येणाऱ्या मुलाला काहीतरी घट्ट धरून ठेवायला लागते, आणि मी त्यांच्या हातात ते दिले होते. शुभांगीबाई स्वयंपाकघराच्या उंबरठ्याआत, अर्ध्या अंधारात बसल्या होत्या.

मी तोवर आयुष्यात चार माणसांपुढे उभा राहून बोललेलो नव्हतो. पहिल्या पंगतीची पाने मांडली जात होती. मी पाटापाशी गेलो, खिशातला कागद काढला आणि आबांच्या कागदाशेजारी ठेवला. तो कोणाचा आहे, असे विलासरावांनी विचारले. माझ्या आईचा, मी म्हणालो. त्यांनी तो वाचला. मग याचा इथे काय संबंध, असे विचारले, आणि मांडवातली माणसे वळून पाहू लागली.

पुढचे फार काही नाही. माझे बोलून झाल्यावर विलासरावांनी दोन्ही कागदांकडे पाहिले आणि आपले आपल्यापाशी ठेवा म्हणून माझा कागद मला परत दिला. आबांचा हात पुढेही त्यांच्याच घरी राहिला, आणि तो कागदही चौकटीतच राहिला. मी कोपऱ्यातल्या पानावर जेवायला बसलो. भाताची मूद विलासरावांच्या पत्नीने वाढली. आमटी वाढायला मात्र शुभांगीबाई उंबरठा ओलांडून बाहेर आल्या. त्यांना कोणी ये म्हटले नाही, की जा म्हटले नाही. त्यांनी फक्त माझ्याच पानावर वाढले, एक पळी, मग न विचारता आणखी एक, आणि आत गेल्या.

मी जे बोललो ते मोठे नव्हते. आईच्या ओठांत मी पाणी घातले तेव्हा ते कोपऱ्यातून बाहेर आले आणि मी ते पुसले, हे मी सांगितले. ऊन माझ्या पापण्यांवर आले म्हणून मला जाग आली, हे सांगितले. आणि त्याआधी, अडखळत, दोनदा मनाशी म्हणून पाहिल्यावर, हे:

माझी आई गेली तेव्हा मी झोपलो होतो.